खेळाडूंची निवड आणि टीकाकारांचा निकाल

हॉकी हें नांव उच्चारलें कीं आमच्या विद्यार्थिवर्गाच्या डोळ्यांसमोर हिरवें मैदान, वांकडी काठी आणि ध्यानचंद यांची मूर्ति उभी राहते, व तें योग्यच आहे. परंतु कॅनडांत आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हॉकी म्हटलें म्हणजे पायांत धारेचे बूट घालून बर्फावर खेळावयाचा खेळ, असाच अर्थ होतो; मैदानावरच्या हॉकीस तेथें निराळें विशेषण जोडावें लागतें. त्या खेळाच्या 'नॅशनल हॉकी लीग' नामक संस्थेंत आज ३२ संघ आहेत. हे संघ दरवर्षीं नवे खेळाडू कसे निवडतात, त्या निवडीवर वृत्तपत्रें कशी टीका करतात, आणि त्या टीकेवरून संघांचे चाहते आपसांत कसे भांडतात, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय दूरदेशचा आहे खरा. परंतु अठरा वर्षांच्या मुलाच्या भवितव्याविषयीं एका रात्रींत जाहीर निकाल देण्याची ही रीत आमच्या वाचकांस, आणि विशेषतः त्यांच्या आईबापांस, अगदींच परकी वाटेल असें आम्हांस वाटत नाहीं.

या निवडीस तिकडे 'ड्राफ्ट' म्हणतात. ती बहुधा जून महिन्याच्या अखेरीस होते. सरल्या हंगामांत जे संघ सर्वांत मागें पडले त्यांस आधीं निवडण्याचा मान मिळतो; दुबळ्यास हात देऊन स्पर्धेंत समतोल राखावा हा त्यांतील हेतु. मात्र पहिला क्रमांक पदरांत पडावा म्हणून कोणी मुद्दाम हरूं नये, यासाठीं १९९५ सालापासून अग्रक्रम सोडत काढून ठरविण्यांत येतात. अशा सात फेऱ्या होतात व दोनशेंहून अधिक मुलांचीं नांवें पुकारलीं जातात. ज्या संघानें नांव घेतलें त्याच संघाशीं त्या मुलानें करार करावयाचा. ठराविक मुदतीपर्यंत लीगमधील दुसऱ्या संघास त्याच्याशीं बोलणें करण्याची मुभा नाहीं. थोडक्यांत, मुलगा संघ निवडीत नाहीं, संघ मुलगा निवडतो.

ही प्रथा १९६३ सालीं मॉन्ट्रियल शहरांतील एका हॉटेलांत सुरू झाली. त्या वेळीं बंद दाराआड अवघ्या २१ मुलांची निवड झाली, आणि बाहेरच्या जगास त्याचें फारसें सोयरसुतक नव्हतें. पुढें १९७४ सालीं ही निवड टेलिफोनवरून चालली असतां बफेलो संघाचे व्यवस्थापक पंच इम्लाक यांनीं कंटाळून तारो त्सुजिमोतो नांवाच्या एका जपानी खेळाडूची निवड पुकारली. लीगनें ती रीतसर नोंदवून घेतली. आणि मागाहून उघडकीस आलें कीं या नांवाचा खेळाडू अस्तित्वांतच नव्हता! ज्याच्या खेळांत टीकाकारांस एकही दोष दाखवितां आला नाहीं असा निवडलेला खेळाडू बहुधा हाच एक असावा. असो. १९८० सालीं मॉन्ट्रियलच्या 'फोरम' क्रीडागृहांत ही निवड प्रथमच लोकांसमक्ष झाली, व तेव्हांपासून ती एक मोठा जाहीर समारंभ होऊन बसली आहे. नांव पुकारलेला मुलगा आईबापांस आलिंगन देऊन मंचावर जातो, संघाचा सदरा अंगांत घालतो, आणि लक्षावधि लोक तें दूरचित्रवाणीवर पाहतात.

दारें उघडलीं त्याबरोबर टीकाकारही आंत आले. निवडीपूर्वीं कित्येक महिने वृत्तपत्रें आपापल्या याद्या छापूं लागतात. अमका मुलगा तिसरा, तमका चौदावा. निवड आटोपल्यावर, पुष्कळदां दुसऱ्याच दिवशीं, शाळेच्या प्रगतिपुस्तकांत देतात तशा प्रत्येक संघास श्रेणी दिल्या जातात. यादींत पंधरावा असलेला मुलगा एखाद्या संघानें पांचवा उचलला तर 'वाजवीपेक्षां फार वर' असा शेरा. आणि यादींत तिसरा असलेला मुलगा कोणा भाग्यवंतास आठवा मिळाला तर 'घबाड' म्हणून शाबासकी. मग चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, या वार्ताहरांस काय कळतें? ज्यांनीं त्या मुलास प्रत्यक्ष खेळतांना पाहिलें त्यांच्यावर विश्वास ठेवावा. दुसरा म्हणतो, संघाचे अधिकारी वर्षानुवर्षें चुकत आले आहेत, आणि त्यांचे कान धरणारें वृत्तपत्रांवांचून दुसरें आहे कोण? हा वाद दरसाल नव्यानें पेटतो व विझतो. कारण ज्यावर तो चालतो त्या गोष्टीचें उत्तर पांचसात वर्षें तरी मिळावयाचें नसतें.

या वादाचें मर्म पाहावयाचें तर डेट्रॉइट शहरासारखें दुसरें ठिकाण नाहीं. मोटारगाड्यांच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या या शहराचा 'रेड विंग्ज' संघ १९९१ पासून २०१६ पर्यंत लागोपाठ पंचवीस हंगाम लीगच्या बाद फेरीस पात्र ठरला होता (२००४-०५ चा हंगाम झालाच नाहीं, तो सोडून). या वैभवाचा पाया ज्यांच्यावर उभा होता त्यांपैकीं कित्येक जण निवडीच्या दिवशीं कोणाच्या खिजगणतींतही नव्हते. निकलास लिडस्ट्रॉम १९८९ सालीं ५३ वा निवडला गेला. त्यानें पुढें सर्वोत्कृष्ट बचावपटूचें पारितोषिक सात वेळां मिळविलें. पावेल दात्सूक १९९८ सालीं १७१ वा, तर हेन्रिक झेटरबर्ग १९९९ सालीं २१० वा. २००८ सालीं संघानें स्टॅन्ले करंडक जिंकला तेव्हां त्या बाद फेरींतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला तो हा २१० वा मुलगा! या तिघांचीं नांवें पुकारलीं गेलीं त्या दिवशीं डेट्रॉइटमध्यें कोणीं टाळ्या पिटल्या असतील किंवा कोणीं निषेध केला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

पुढें संघाची पडती लागली, आणि पडत्या काळांत अर्थातच वरचे क्रमांक मिळूं लागले. २०१८ सालीं डल्लास येथें झालेल्या निवडींत डेट्रॉइटचा क्रमांक सहावा होता. फिलिप झादिना हा चेक तरुण, गोल करण्यांत पटाईत, याद्यांमध्यें बराच वर होता. तो सहाव्या क्रमांकापर्यंत उरला आणि डेट्रॉइटनें त्यास उचललें. वृत्तपत्रांनीं स्तुति केली, चाहत्यांस आनंद झाला. व्यवस्थापक, टीकाकार व चाहते या तिघांचें मत एकच असल्याचा तो एक दुर्मिळ दिवस होता. त्याच्या लगेच पुढचा, सातवा खेळाडू व्हँकूवर संघानें घेतला. त्याचें नांव क्विन ह्यूज. हा त्या वर्षीं मिशिगन विद्यापीठाकडून, म्हणजे डेट्रॉइटच्या जवळजवळ अंगणांतच, खेळत होता.

दुसऱ्या वर्षीं, २०१९ च्या जूनमध्यें, व्हँकूवर येथें निवड झाली. डेट्रॉइटचा क्रमांक पुनः सहावाच. मात्र आतां व्यवस्थापकाच्या खुर्चींत स्टीव्ह आयझरमन होते. हे गृहस्थ १९८६ पासून २००६ पर्यंत त्याच संघाचे कर्णधार होते व त्यांच्या कारकीर्दींत संघानें तीन वेळां स्टॅन्ले करंडक जिंकला होता; डेट्रॉइटमध्यें त्यांचें नांव कोणत्या आदरानें घेतात हें निराळें सांगावयास नको. त्यांनीं मॉरिट्झ साइडर या जर्मन बचावपटूचें नांव घेतलें. मानहाइम शहराच्या संघाकडून तो मोठ्या माणसांच्या लीगमध्यें खेळत होता आणि त्याच वर्षीं तो संघ जर्मनीचा विजेता ठरला होता. तरी बहुतेक याद्यांत त्याचें स्थान पुष्कळ खालीं, पहिल्या फेरीच्या मध्याच्या आसपास होतें. सभागृह चकित झालें. खुद्द त्या मुलाच्या चेहऱ्यावर जें आश्चर्य उमटलें तें कॅमेऱ्यांनीं टिपलें, व तें चित्र सर्वत्र फिरलें. 'वाजवीपेक्षां फार वर' हा शेरा ठिकठिकाणीं पडला. चाहत्यांपैकीं कांहीं संतापले. कांहीं म्हणाले, आयझरमन करतील तें बरोबरच असेल. हें दुसरें उत्तर आम्हांस पहिल्यापेक्षां फार चांगलें वाटत नाहीं. संतापणाऱ्यानें निदान यादी तरी वाचली होती. भक्ति करणाऱ्यानें तेंही केलें नव्हतें.

पुढें काय झालें तें जगजाहीर आहे. साइडर एक वर्ष खालच्या लीगमध्यें, एक वर्ष स्वीडनमध्यें खेळला, आणि २०२१-२२ च्या आपल्या पहिल्याच हंगामांत डेट्रॉइटकडून ८२ च्या ८२ सामने खेळून त्यानें ७ गोल व ४३ साहाय्यें नोंदविलीं. वर्षांतील सर्वोत्तम नवख्या खेळाडूस मिळणारा काल्डर करंडक त्यास मिळाला. झादिना मात्र १९० सामन्यांत २८ गोलांपलीकडे जाऊं शकला नाहीं. २०२३ सालीं उभयपक्षीं संमतीनें त्याचा करार संपुष्टांत आणला गेला व तो डेट्रॉइट सोडून गेला. आणि क्विन ह्यूज यास २०२४ सालीं लीगमधील सर्वोत्कृष्ट बचावपटूचें पारितोषिक मिळालें.

या दोन हकीकती शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे संघाची बाजू घेणाऱ्या चाहत्यांस मोठें बळ येतें. पाहा, टीकाकारांनीं ज्यास नांवें ठेवलीं तो रत्न निघाला! आम्ही त्यांना इतकेंच विचारूं इच्छितों कीं, मग झादिनाचें काय? तेथें टीकाकार व संघ एकाच बाजूस होते. साइडरच्या यशानें टीकाकार खोटे ठरत असतील तर झादिनाच्या अपयशानें संघाचे जाणकारही खोटे ठरतात. एका तराजूंत दोन मापें चालावयाचीं नाहींत. शिवाय एका साइडरनें संघ तरला असेंही नव्हे. २०१६ नंतर २०२५ पर्यंत रेड विंग्ज एकदांही बाद फेरीस पात्र ठरले नाहींत, ही गोष्ट त्याच चाहत्यांस रोज सकाळीं वाचावी लागली आहे.

खरें पाहतां 'वार्ताहर विरुद्ध जाणकार' ही मांडणीच चुकीची आहे. प्रसिद्ध याद्यांपैकीं कांहीं तर संघांच्याच स्काउटांस, म्हणजे गांवोगांव हिंडून खेळाडू हेरणाऱ्या माणसांस, गुप्तपणें विचारून तयार केलेल्या असतात. तेव्हां डेट्रॉइटची निवड यादीशीं जुळली नाहीं याचा अर्थ बहुधा एवढाच कीं, इतर संघांच्या जाणकारांचें मत निराळें होतें. वृत्तपत्र तेथें केवळ टपालवाला असतो. पत्र आवडलें नाहीं म्हणून टपालवाल्यावर काठी उगारणें शहाणपणाचें नव्हे, आणि टपालवाल्यानें पत्रांतील मजकूर आपलाच असल्याचा आव आणणें हेंही नव्हे. ही दुसरी खोड वृत्तपत्रांस आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं.

निर्णयाचा न्याय फळावरून करावा कीं तो घेतांना केलेल्या विचारावरून, हा यांतील खरा प्रश्न. मृगापूर्वीं धूळपेरणी करणाऱ्या शेतकऱ्यास, पाऊस वेळेवर पडला तर लोक शहाणा म्हणतात, पावसानें ओढ दिली तर मूर्ख म्हणतात. पण पेरतांना त्यानें जमिनीची ओल पाहिली होती कीं नाहीं, दुबार पेरणीपुरतें बीं घरांत ठेवलें होतें कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. टीकाकाराचें काम नेमकें तें विचारण्याचें आहे. या मुलास कोणीं पाहिलें, किती वेळां पाहिलें? त्यास घेतांना कोणास सोडलें, व कां? तो खालच्या क्रमांकावरही मिळाला असता तर निवडीचा हक्क दुसऱ्या संघाशीं अदलाबदल करून लाभ साधतां आला असता कीं नाहीं? साइडरच्या बाबतींत हा शेवटचा प्रश्न आजही अगदीं रास्त आहे. त्याच्या पुढच्या यशानें त्याचें उत्तर मिळत नाहीं. कारण तो चांगला निघाला हें खरें असूनही तो दहावा मिळाला असता हेंही खरें असूं शकेल. असे प्रश्न विचारणारी टीका चाहत्यांनीं शत्रूसारखी मानूं नये. श्रेणी वांटणारी टीका मात्र आम्हांस करमणुकीपलीकडे कांहीं वाटत नाहीं. ज्या मुलानें अद्याप एकही चेंडू (क्षमा असावी, बर्फावर चेंडू नसून रबराची चकती असते) त्या लीगमध्यें टोलविलेला नाहीं, त्याच्या नांवावर 'क' किंवा 'ड' श्रेणी लिहिणारा मनुष्य परीक्षक नव्हे, ज्योतिषी होय.

वृत्तपत्रांच्या बाजूनें आणखी एक गोष्ट सांगणें न्यायाचें होईल, कारण चाहते ती सांगत नाहींत. काल्डर करंडक कोणास द्यावा हें हॉकीविषयीं लिहिणारे व्यावसायिक लेखकच मतदानानें ठरवितात. म्हणजे २०१९ सालीं ज्या वर्गानें साइडरच्या निवडीवर भुवया उंचावल्या, त्याच वर्गानें २०२२ सालीं त्याच्या पदरांत करंडक घातला. आपलें मत फिरविण्याचा हा प्रामाणिकपणा थोडाथोडका नव्हे. चाहत्यांच्या दोन्ही तटांत आम्हांस तो क्वचितच आढळतो.

सर्वांचें एकमत झालें म्हणजे निवड बिनचूक, असेंही समजूं नये. १९९३ सालीं ओटावा संघानें अलेक्झांद्र डेग यास पहिला निवडलें तेव्हां त्याविषयीं दुमत जवळजवळ नव्हतें. पांच वर्षांसाठीं सव्वा कोट डॉलरच्या घरांतला करार त्यास मिळाला. अशा अवाढव्य करारांमुळेंच पुढें १९९५ सालीं नवख्यांच्या वेतनास लीगनें मर्यादा घातली. दुसरा क्रमांक कोणाच्या लक्षांत राहत नाहीं, अशा अर्थाचे उद्गार त्या दिवशीं त्या मुलानें काढले होते. दुसरा निवडला गेलेला क्रिस प्रॉन्गर २००० सालीं लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. डेग १९९८ च्या आरंभींच ओटावा सोडून गेला होता. हे उद्गार आजतागायत लोक त्याच्याविरुद्ध उगाळतात. आम्हांस विचाराल तर तें बोलणें अठरा वर्षांच्या, कौतुकानें भांबावलेल्या मुलाचें होतें. तितकीं वर्षें स्मरणांत ठेवण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. त्यास ज्यांनीं डोक्यावर घेतलें त्या प्रौढांचे शब्द मात्र कोणासच आठवत नाहींत.

पवित्र शास्त्रांतील शमुवेलाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. इशायाचे सात पुत्र एकामागून एक समोरून गेले. थोरला उंचापुरा अलीयाब पाहतांच शमुवेलाससुद्धां वाटलें कीं हाच तो. आणि ज्याचा अभिषेक व्हावयाचा तो धाकटा रानांत मेंढरें राखीत होता. त्या प्रसंगीं शमुवेलास सांगणारा देव होता. डेट्रॉइट किंवा मॉन्ट्रियलच्या स्काउटांस तशी सोय नसल्यामुळें त्यांची अधूनमधून फसगत होते, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

आमचा खरा आक्षेप निराळ्याच गोष्टीस आहे. व्यवस्थापकावर टीका व्हावी. तो पगारी, प्रौढ, उत्तरदायी मनुष्य आहे. पण ही टीका वाटेंत कोठें तरी घसरते आणि मुलावर येऊन पडते. २०२३ सालीं मॉन्ट्रियल संघानें पांचव्या क्रमांकावर ऑस्ट्रियाचा बचावपटू दाविद राइनबाखर यास निवडलें व मातवेइ मिचकोव्ह या गुणी रशियन मुलास सोडलें. त्या निर्णयाविरुद्ध बोलण्याचा मॉन्ट्रियलच्या चाहत्यांस पुरा अधिकार होता. परंतु त्यांपैकीं कित्येकांनीं आपला राग थेट त्या परदेशी मुलावर काढला. त्या मुलाचा अपराध कोणता? आपलें नांव पुकारूं नका असें त्यानें म्हणावयास हवें होतें काय? येथें आमच्या मतें वृत्तपत्रांचीही जबाबदारी येते. 'संघानें चूक केली' आणि 'हा मुलगा म्हणजे चूक' हीं दोन वाक्यें लिहितांना एकाच हाताच्या अंतरावर असतात, आणि मथळा लिहिणारास दुसरें अधिक आवडतें.

शाळेच्या संघाची यादी फलकावर लागते तेव्हां काय घडतें तें आमच्या वाचकांनीं आठवावें. ज्याचें नांव अनपेक्षितपणें आलें त्याच्याकडे मधल्या सुट्टींत कसे पाहतात? नांव कोणीं घातलें हें विचारावयास शिक्षकांकडे कोणी जात नाहीं. टोमणे मात्र त्या मुलास. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं तर कित्येक घरांत आईबापच टीकाकार होतात, आणि शेजारच्या मुलाची यादी तोंडपाठ असते. डेट्रॉइटच्या वृत्तपत्रांहून आम्ही फार निराळे आहों, असें मानण्यास आधार दिसत नाहीं.

वृत्तपत्रांस आमची एक सूचना आहे. दर जूनमध्यें नव्या श्रेणी छापतांना त्याच पानावर, शेजारच्याच स्तंभांत, पांच वर्षांपूर्वीं आपणच दिलेल्या श्रेणी पुनः छापाव्यात. आणि ज्यांस त्या दिल्या ते मुलगे आज कोठें आहेत तें एकेका ओळींत लिहावें. संघांनींही पांच वर्षांनंतर आपली त्या वेळची कारणें लोकांपुढें मांडण्यास हरकत नसावी. तोंवर त्यांतील गुपित शिळें झालेलें असतें. याला जागा फार लागेल असें संपादक म्हणतील. तसें असेल तर नव्या श्रेणींचा स्तंभ थोडा आंखडता घ्यावा. त्यांतील मजकूर पांच वर्षांनीं पुनः छापावयाचाच आहे, हें ठाऊक असल्यावर तो आपोआपच लहान होईल असा आमचा तर्क आहे.